पिवळी पट्टी

ताईचं स्वरयंत्र सोमवारी काढायचं ठरलं होतं. त्याआधी तिला गणिताचे सगळे धडे बोलून ठेवायचे होते. ताई अंध, तिची मुलंही अंध, म्हणजे शाळेतली. फळ्यावर ती लिहिणार कशी, आणि लिहिलं तरी वाचणार कोण? सगळी भिस्त आवाजावर. तो इतका खणखणीत, की पोरांनी तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. ते तिला माहीत होतं आणि आवडायचंही.

धडे ठेवायची जागा शोधणं माझ्याकडे आलं. घरात कॉम्प्युटरमधलं मलाच जरा कळतं. वासरात लंगडी गाय शहाणी. ऑनलाइन शिकवायचे ओपन सोर्स प्लॅटफॉर्म मी आठवडाभर धुंडाळले. एकावर बटणांना नावंच नव्हती. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज नुसता ‘बटण, बटण’ करत बसला. दुसऱ्यावर तो मध्येच गप्प व्हायचा. तिसरा उघडताना मी डोळ्यांवर मफलर बांधला. म्हटलं, मुलं वापरतील तसाच वापरून बघू. सगळं नीट वाचलं गेलं.

“हाच घे,” मी छातीठोकपणे सांगितलं.

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. तरी ताईने सहा दिवसांत एकतीस धडे थेट तिथेच रेकॉर्ड केले. शेवटी घसा पार बसला, पण स्वारी खुशीत होती.

“माझं झालं रे. आता काय कापायचं ते कापा.”

रविवारी सकाळी मी पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी पान उघडलं, तर एकही धडा नाही. वर पिवळी पट्टी होती: ही साइट फक्त वापरून बघण्यासाठी आहे, दर रविवारी पहाटे सगळं पुसलं जाईल. पट्टी म्हणजे नुसतं चित्र होतं, त्यामुळे वाचणाऱ्या आवाजाने ती कधी वाचलीच नाही. घरात बघणारे डोळे माझे एकट्याचे, आणि तेच मी बांधून घेतले होते. मी तिथल्या लोकांना मेल केला. पुसलेलं परत येत नाही, असं उत्तर आलं.

“सगळे?” ताईने विचारलं.

“सगळे.”

“निदान पहिला तरी घेऊ.”

मी मोबाइल तिच्या तोंडाशी धरला. “मुलांनो”च्या पुढे नुसता खोकला. तीनदा प्रयत्न केला. मी रडायला लागलो, तर तिनेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणतात.

पंधरा दिवसांनी तिचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, जरा वेळ ऐकलं आणि माझ्या हातात कोंबला.

“बाई, सातवा धडा अर्धाच ऐकला होता, आता उघडत नाही,” एक लहान मुलगी सांगत होती. “हातचा कुठे मिळवायचा? एकदाच सांगा ना.”

“मी बाईंचा भाऊ. मी सांगू का?”

“तुम्ही नको. बाईंना द्या.”

“बाई इथेच आहेत. ऐकताहेत.”

“मग बोलत का नाहीत?”