कप्पीची पिन

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या धातूंच्या प्रयोगशाळेचा तळमजला लोकांसाठी उघडा असतो, आणि त्या दिवशी तिथली मालकीण मी. एरवी मी साधी तंत्रज्ञ. शनिवारी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशेजारी खुर्ची टाकून बसते आणि लोक जे आणतील ते पडद्यावर मोठं करून दाखवते. काय आणतील याचा नेम नसतो. मेलेली माशी, स्वतःचा केस, मोबाइलची फुटकी काच. एकदा एक गृहस्थ आपला पडलेला दात घेऊन आले होते. मी सगळ्यांना एकच गोष्ट ऐकवते: मी हे वाक्य संपवेपर्यंत तुमचं नख तीन-चार नॅनोमीटर वाढलंसुद्धा! लगेच सगळे नखांकडे बघतात. इतक्या वर्षांत हा विनोद एकदाही फुकट गेलेला नाही, आणि मला त्याचा मनापासून वीट आलाय.

भिंतीवर मी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून लावली आहे: ‘इथे फक्त दाखवतो, निकाल देत नाही.’ सासऱ्याने दिलेली अंगठी खरी की खोटी हे विचारायला एक जावई आला होता. त्याला मी खरं उत्तर दिलं आणि पुढचे पंधरा दिवस दोन्ही घरांचे फोन मला येत होते. तेव्हापासून पाटी.

तर त्या शनिवारी रांगेत सगळ्यात शेवटी एक पासष्टीचे गृहस्थ उभे होते. शर्ट कडक इस्त्रीचा, गळ्याचं बटणही लावलेलं. हाताच्या रेघांत मात्र आयुष्यभराचं काळं तेल मुरलेलं. अशा हातांचा माणूस कारखान्यातला, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

“मॅडम, हे लोखंड बघाल का?”

त्यांनी रुमाल उलगडला. आत पोलादी पिनेचा अर्धा तुकडा होता, अंगठ्याएवढा जाड, आरशासारखा लखलखीत.

“कशाची पिन?”

“क्रेनच्या कप्पीची. ही तुटली, कप्पी सुटली, ओझं खाली आलं. खाली माझा धाकटा भाऊ होता.”

पाठ केलेलं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

ते त्या कारखान्यात मिस्त्री होते, भाऊ त्यांच्याच हाताखाली. पिन तुटली त्याच्या आठ दिवस आधी मिस्त्रींनी स्वतः तपासणी करून सही केली होती. चौकशीत ‘ओझं जास्त झालं’ असं ठरवून कागद बंद झाले. याला नऊ वर्षं झाली.

“पिन एका झटक्यात तुटली, की तडा आधीपासून होता, ते इथे कळतं असं ऐकलं,” ते म्हणाले. “आधीपासून असेल, तर तो मला दिसायला हवा होता. भाऊ गेला त्या दिवशी भावजय एवढंच म्हणाली, ‘तुम्ही तपासलं होतंत ना?’ त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मला कळायला हवं मॅडम. काय असेल ते कळू दे.”

पाटी माझ्या डोक्यामागेच होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि तुकडा हातात घेतला. जिथे तुटला होता तिथे कडेला अर्ध्या भोकाची खोबण दिसत होती.

“हे काय?”

“ग्रीस जायचं भोक,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी तुकडा पुसून यंत्रात ठेवला. तडा हळूहळू वाढला असेल तर धातूवर ओळीने रेषा उमटतात, बादलीतलं पाणी दिवसादिवसाने आटत गेलं की आतून कडी उमटतात तशा. झटक्यात तुटलं तर सगळं खडबडीत, ओरबाडलेलं दिसतं. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. एका दिशेने गेलेले सरळ ओरखडे होते, शेकडो.

“काका, तुम्ही हे घासता का?”

त्यांचा चेहरा उजळला. “दर रविवारी. आधी पॉलिश पेपर, मग तेलाचा हात. माझ्या हातातल्या लोखंडाला आजवर गंज चढलेला नाही.”

मला राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा, कारण त्यांना हे कोण सांगणार होतं? आम्ही इतकी वर्षं लोकांना माशीचे डोळे दाखवत बसलो. तुटलेल्या लोखंडाचं तोंड घासू नये, हे कधी कुणाला सांगितलं?

“जे वाचायचं होतं ते ह्या तोंडावरच होतं, काका. ते घासलं गेलं.”

“मी घासलं,” ते म्हणाले.

“हो.”

थोडं सौम्य करून सांगता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही. ते रुमालाची टोकं एकमेकांवर घालू लागले, आणि ती नीट बसेनात.

“दुसरा तुकडा कुठे आहे?” मी विचारलं. “एका तुकड्यावर जे असतं तेच दुसऱ्यावरही असतं.”

“भावजयीकडे. तिने मागून घेतला होता.” त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला. “नऊ वर्षांत त्या घराची पायरी चढलो नाही.”

मी तुकडा यंत्रातून काढून त्यांच्या रुमालावर ठेवला आणि पुढच्या महिन्याच्या शनिवारची तारीख लिहून दिली.

पुढच्या महिन्यात ते आले. पुढे त्यांची भावजय, चार पावलं मागे ते. पन्नाशीच्या बाई, ताठ चालणाऱ्या, हातात पत्र्याचा डबा.

“मी भावजींसाठी आलेले नाही,” त्यांनी मला आधीच सांगून टाकलं. “माझा माणूस कसा गेला ते मला कळायला हवं, म्हणून आलेय.”

डब्यात नवऱ्याच्या कामाच्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा होता. नऊ वर्षांपूर्वीचं ग्रीस त्यावर तसंच थापलेलं, वाळून काळं झालेलं.

“जसा मिळाला तसा ठेवला. बघवतच नव्हता.”

“फार बरं केलंत,” मी म्हणाले. ग्रीसने गंज दूर ठेवला होता.

ते ग्रीस विरघळवून काढायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ते दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

पडद्यावर चित्र आलं. रेषा होत्या. एकीमागे एक, कमानीसारख्या, आणि सगळ्यांचा उगम भोकाच्या कडेशी. मी तिथे आणखी जवळ गेले. कडा धारदार होती, ड्रिलने उचकटलेला धातू तसाच दुमडून राहिलेला. तडा नेमका तिथून सुटला होता.

“तडा आधीपासून होता,” मी म्हणाले. “किती दिवस, ते सांगता येणार नाही. पण हे एका दिवसाचं काम नाही.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले. “म्हणजे आठ दिवस आधी होता.”

“होता. पण आत होता, कप्पीच्या पोटात. बाहेरून कुणालाच दिसला नसता. मलाही नाही.”

बाई दिराकडे वळल्या, आणि इतका वेळ ताठ असलेली त्यांची मान खाली गेली.

“भावजी, तुम्हाला तो दिसलाच नसता,” त्या म्हणाल्या. “आणि मी नऊ वर्षं तुमचं तोंड बघितलं नाही.”

इथे हे संपायला हवं होतं. मला तर ते संपवायचंच होतं. पडदा बंद करायला मी हातही पुढे केला होता. पण मिस्त्री उठून पडद्याजवळ आले होते. चाळीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला मी काय समजावून सांगणार? त्यांनी बरोबर त्या कडेवर बोट ठेवलं.

“एवढं मोठं करा.”

“काका, राहू द्या ना.”

“करा.”

मी केलं. त्यांनी एकदाच बघितलं, मग भावजयीकडे तोंड केलं.

“हे भोक पिनेला मुळात नव्हतं. मी पाडलं.”

बाई बाकावरून उठल्या.

“ग्रीस भरायचं तर पिन काढावी लागायची. वर उताणं पडून काढायचा तो, दर आठवड्याला. खांदा गेला होता त्याचा. मी म्हटलं, थांब, भोक पाडून देतो, बाहेरूनच मार ग्रीस. कुणाला विचारलं नाही मी. चौकशीतही बोललो नाही. तुलाही नाही.” मग मला विचारलं, “कडा गोल केली असती तर?”

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. अगदी छोटं, दोन शब्दांचं, आणि ते कुणालाही कधी सापडलं नसतं. पण हा माणूस आपल्या सुटकेच्या दारातून स्वतः मागे फिरला होता. त्याच्याशी खोटं बोलायची मला लाज वाटली.

“तर बहुधा टिकली असती,” मी म्हणाले.

“पाच मिनिटांचं काम होतं,” ते म्हणाले.

बाईंनी डब्यातलं नवऱ्याचं फडकं हातात घेतलं.

“ते भोक मला माहीत आहे. तडा तिथूनच सुटला, हे माहीत नव्हतं. पाडलंत त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. दादाने काम सोपं करून दिलं म्हणाले. त्याआधी खांदा धरून रात्र रात्र बसायचे, मी शेकून शेकून थकायचे. त्या दिवसापासून झोपायला लागले.” त्यांनी फडक्याची घडी घातली. “शेवटच्या दिवशीसुद्धा नीट झोपून उठले होते. मला हाक मारून म्हणाले, आज खांदा अगदी हलका वाटतोय.”

मिस्त्री रडू लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. बाईंनी त्यांची समजूत घातली नाही.

“मी तुम्हाला माफ केलं की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही भावजी,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही बोलला नसतात, तर मी गैरसमजातच घरी गेले असते. तुम्ही बोललात.”

त्यांनी दिरांच्या दंडाला धरून त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मग पडद्याकडे हात करून मला विचारलं, “ह्या एवढ्या रेषा कसल्या?”

हे मात्र मला समजावून सांगता येत होतं. प्रत्येक रेषा म्हणजे कप्पीने उचललेलं एकेक ओझं, मी म्हणाले. ओझं उचललं की तडा किंचित पुढे सरकायचा, आणि पिन तरीही धरून ठेवायची.

“म्हणजे इतक्या वेळा ते वाचले,” बाई म्हणाल्या, आणि पडद्याजवळ जाऊन पहिल्या रेषेपासून मोजू लागल्या.