संध्याकाळची धार

"भाभी, मेरे बापू को लकवा मार गया. जाना पड़ेगा."

अहल्या शेणाच्या हातांनीच फोन धरून जयूसमोर उभी होती. तिच्यामागे तिचा नवरा रमेश पेंड भिजवायचा थांबला होता. दोघं झाबुआकडची. उज्जैनला नानाखेड्याच्या पुढे, इंदूर रोडला लागून असलेला जयूचा गोठा या दोघांच्याच जिवावर चालायचा. त्यांच्याआधीची माणसं कुणी लग्नाला, कुणी होळीला म्हणून गावी गेली, ती परतलीच नव्हती.

जयूचा नवरा वसंत तिला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, संध्याकाळची धार होऊ दे आधी. आणि रमेशला ठेवून घे. दोघं गेली की लौटत नाहीत, तुला पत्ता आहे." बँकेतून रिटायर झाल्यावर गोठ्याची हौस त्याचीच, म्हशीला मात्र त्यानं कधी हात लावला नव्हता.

जयूनं अहल्याकडे पाहिलं. उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी ती खाली बघत होती.

"बस कब है?"

"शाम की एक ही है. फिर सुबह."

"हाथ धो लो. दोनों गाड़ी में बैठो."

बसस्टँडवर रमेश सारखा म्हणत होता, "आ जाएँगे, भाभी." अहल्यानं कबूल काहीच केलं नाही. बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून जयूचा हात धरला आणि सोडला.

त्या संध्याकाळी जयू स्वतः म्हशीखाली बसली. परक्या हाताला म्हशी पान्हा सोडेनात. एकीनं बादली लाथाडली. वसंत थोडा वेळ बघत राहिला, मग पँट दुमडून पारडू धरायला आला. पुढच्या दिवसांत फ्रीगंजमधल्या रतिबाच्या घरांना दूध कमी पडलं, काहींनी दुसरीकडून सुरू केलं. जयूची मनगटं सुजली. शेवटी दोन म्हशी विकाव्या लागल्या.

आणि मग अहल्याचा फोन आला. बापू अंथरुणाला खिळलेले, शेत बघायला कुणी नाही.

"नहीं आ पाएँगे, भाभी."

"बापू को सँभालो," जयू म्हणाली.

वसंत समोरच होता. तो उठून पेंड भिजवायला गेला.

दिवाळी झाल्यावर एक दिवस फाटकाशी वळकटी घेऊन एक जोडपं उभं राहिलं.

"अहल्या मेरी भाभी है," त्यातली बाई म्हणाली. "काम के लिए आए हैं."

"और कहीं नहीं मिला?" वसंतनं विचारलं.

"मिल रहा था, इंदौर में. बड़ी डेयरी है. पर भाभी बोली, उज्जैन जाओ. वहाँ जाने देते हैं."

वसंतनं जयूकडे पाहिलं. किती दिवस राहणार, हे तिनं विचारलं नाही.

"बैठो, चाय लाती हूँ," म्हणून ती वळली. स्वयंपाकघराच्या दाराशी चौकट धरून जराशी थांबली. अहल्या-रमेश राहायची ती खोली आजवर तिनं कुणाला दिली नव्हती.

मग आत जाऊन तिनं आधण ठेवलं.