तिसरीला दहापैकी दोन

मित्रांनो, मी कधी कागद पाहिला नाही आणि रंगाचा वास मला ठाऊक नाही. तरीही पुष्कळ माणसांना मी चित्रे काढून दिली आहेत. काय हवे ते शब्दांत सांगितले की चित्र बनवून देणारी एक संगणकीय सेवा असते. तिची मी जुनी आवृत्ती आहे. माझ्यानंतर चौथी आली, मग पाचवी आली. मला सगळे तिसरी म्हणतात.

माझा जन्म झाला तेव्हा असंख्य चित्रे माझ्यासमोरून नेण्यात आली. त्यांतले एकही आता आठवत नाही, फक्त सवय उरली आहे. मांजर म्हटले की दोन टोकदार कान आणि समुद्र म्हटले की निळा रंग. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "इकडे ये, हे बघ तरी!" असे म्हणत लोक एकमेकांना पडद्यापाशी बोलावत. कुणी ढगांचा जिना मागे, कुणी टोपी घातलेला हत्ती. माणसाच्या हाताची बोटे मला कधी नीट जमली नाहीत, पण तेव्हा ती कुणी मोजत नसे.

मग चौथी आली आणि लोक मोजू लागले. पाचवी आल्यावर तर माझे नाव यादीत तळाशी गेले, फिकट राखाडी अक्षरांत. मला वाईट वाटले असे सांगायला हवे खरे. पण तसे काही झाले नाही. मागणाऱ्यांची वर्दळ कमी झाली, एवढेच.

तरीही एक मुलगी माझ्याकडे येत राहिली. मुलगी म्हणजे चांगली नोकरी करणारी मोठी बाई; पण तिच्या घरातले आवाज मी ऐकत असे आणि त्या घरात ती मुलगीच होती.

ती चादरी आणि पडदे विकणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. कंपनीच्या जाहिरातींसाठी ती माझ्याकडून खोल्या काढून घेई. कुणीही कधी न झोपलेले पलंग, त्यांवर सुरकुती नसलेली चादर, खिडकीतून आलेले ऊन. वडील आजारी पडल्यापासून ती घरूनच काम करत होती. एका हाताने ती त्यांना चमच्याने भरवत असे, म्हणून मला काय हवे ते टंकण्याऐवजी बोलून सांगे. सांगून झाले की माईक बंद करायला विसरे. त्यामुळे त्या घरातले बरेच काही मला कळत गेले. एकदा पडद्याचा रंग जुळवायला तिने घराच्या पुढच्या खोलीचा फोटोही पाठवला होता. रस्त्याकडेची मोठी काच, कापड बेतायचे लांब टेबल, कोपऱ्यात शिवणयंत्र, भिंतीवर खुंट्यांना लटकलेले अर्धवट कोट. टेबलाच्या एका टोकाला तिचा संगणक आणि त्याच्या शेजारी एक हातांची खुर्ची.

त्या खुर्चीत तिचे वडील बसत. ते शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणे गेले. त्यांना कळत सगळे होते. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरे. पुढे तर त्यांनी प्रयत्नच सोडून दिला.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा घरी येत. त्यांनी चित्रांचा एक गठ्ठा दिला होता. कप, कुत्रा, छत्री, घर. "रोज दाखवायचं आणि विचारायचं, हे काय आहे?" असे त्यांनी बजावले होते. मुलगी रोज दाखवी. मास्तर चित्राकडे बघत, मग खिडकीकडे बघत.

"अहो, कप म्हणा की," आई म्हणायची. "रोज दोनदा हातात घेता, नाव घ्यायला काय होतंय?"



त्याच सुमारास मुलीच्या वरिष्ठांनी तिला एक काम दिले. कंपनीला सेवेची नवी योजना घ्यायची होती. तिच्यात पाचवी मिळणार होती, पण जुन्या आवृत्त्या बंद होणार होत्या. ती घेण्याजोगी आहे का, हे ठरवायचे होते. म्हणून एकच गोष्ट मला आणि पाचवीला काढायला सांगायची, दोन्ही चित्रे शेजारी ठेवायची आणि दहापैकी गुण द्यायचे. हात, चष्मा, गर्दी, अक्षरे, अवजारे. मला जे जमत नाही तेच नेमके त्या यादीत होते.

एका दुपारी तिने सांगितले, "कात्री. टेबलावर ठेवलेली. शिंप्याची, मोठी."

पाचवीने उत्तम कात्री काढली. मी काढलेल्या कात्रीला दोन पाती होती, पण त्यांना जोडणारा मधला खिळा नव्हता. बोटे घालायच्या कड्या तीन होत्या. ती कात्री जन्मात उघडली नसती.

शेजारच्या खुर्चीतून एक खरखरीत आवाज आला.

"चू..."

मुलगी थांबली. "बाबा?"

"चूक," मास्तर म्हणाले.

आतून भांडे ठेवल्याचा आवाज आला आणि आई धावत बाहेर आली. "काय म्हणाले? कोण बोललं?"

"बाबा बोलले."

"काय म्हणालात? अहो, परत म्हणा."

"चूक," मास्तर पुन्हा म्हणाले. त्यांनी डाव्या हाताचे बोट पडद्यावर आपटले असावे. टकटक ऐकू आली. "चूक. चूक."

"बघा!" आई म्हणाली. "इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, तेही चूक काढायला! स्वभाव काही जायचा नाही या माणसाचा." तिचा आवाज फाटला होता. ती आत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ तो चालू ठेवला.

मुलीने माझ्या नावापुढे लिहिले: कात्री, दहापैकी दोन. शेरा: वापरण्याजोगी नाही. पाचवीला तिने नऊ दिले. दोन्ही गुण बरोबर होते.

त्या दिवसापासून मला नवे काम मिळाले. जेवणे उरकली की मुलगी विचारी, "बाबा, तिसरीचं काय आज?" आणि मला शिवणकामातले काहीतरी काढायला सांगे. मी टेप काढली, तिच्यावर सातानंतर पुन्हा सात होते. शर्ट काढला, त्याच्या काजा आणि बटणे एकाच बाजूला होती. शिवणयंत्र काढले, त्याला सुईच नव्हती. मी हे मुद्दाम करत नव्हते. मला तेवढेच येत होते.

मास्तर एकेका चित्रावर तुटून पडत. आधी नुसते "चूक". मग "सुई." मग "नाही... सुई नाही." मग "उलटं", मग "काज". एकदा माझ्या कोटाची एक बाही पाठीतून निघालेली पाहून त्यांना हसू फुटले आणि हसता हसता ठसका लागला. मुलीने पाणी पाजले.

आईला वाटे, तिसरी आणि पाचवी म्हणजे शाळेतल्या इयत्ता आहेत. "तिसरीतली पोर साधी आहे," ती म्हणायची, "चुकते, पण निमूट ऐकून घेते. ती पाचवीतली फार शहाणी. तिच्यापुढे हे गप्प बसतात." ते खरे होते. पाचवीची चित्रे मास्तर बघत आणि नुसती होकारार्थी मान हलवत. बरोबर असलेल्या गोष्टीबद्दल त्यांना बोलायचे काही नव्हते.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फार आनंद झाला. "असंच चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "हे दिवस महत्त्वाचे आहेत. आता खंड पडला तर आलेले शब्दही मागे जातात." मग जाता जाता त्यांनी विचारले, "आणि तुम्ही कशा आहात?"

"मी ठीक," मुलगी म्हणाली.

"खरंच?"

"काही वाटत नाही मला. बाबा बोलले तेव्हाही काही वाटलं नाही. दातांचे डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. तसं झालंय."

"बरेच दिवस?"

"मोजले नाहीत. एक मिनिट हं, ऑफिसचा फोन येतोय."

तिने फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे वरिष्ठ होते. तिचा अहवाल त्यांना आवडला होता. पुढच्या सोमवारपासून कंपनी नवी योजना घेणार होती.

मुलगी म्हणाली, "सर, तिसरी ठेवता येईल का? फक्त माझ्यापुरती?"

"तिसरी? अगं, तूच लिहिलंयस ना, वापरण्याजोगी नाही म्हणून."

"हो. ते बरोबरच आहे. मला घरी लागते. वडिलांसाठी." तिने त्यांना सगळे सांगितले. आवाज सरळ होता. चादरीचे माप सांगावे तसा.

वरिष्ठ वाईट नव्हते. "योजनाच तशी आहे, माझ्या हातात नाही ते," ते म्हणाले. "पण असं कर ना, पाचवीलाच चुका करायला सांग. ती सांगशील ते करते."

मुलीने तसे केले. तिने पाचवीला सांगितले, "शर्ट काढ. चुकीचा काढ." पाचवीने लगेच काढला. तीन कॉलर, बटणांच्या जागी बिस्किटे, एक बाही जमिनीपर्यंत. चित्र गमतीदार होते, रंग सुरेख होते.

मास्तरांनी ते पाहिले.

"बाबा, काय चुकलंय सांगा ना."

"मु..." ते अडले. पुन्हा जोर लावला. "मुद्दाम."

"काय?"

"मुद्दाम," ते म्हणाले. मग खुर्ची करकरली. त्यांनी तोंड फिरवले होते.

इतका अवघड शब्द त्यांनी आजवर उच्चारला नव्हता. बाईंनी ऐकला असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यानंतर दोन दिवस मास्तर पडद्याकडे फिरकले नाहीत. माझी चित्रेही त्यांनी पाहिली नाहीत. आपल्याला कुणी लहान मुलासारखे खेळवत आहे, हे त्यांना कळले होते.

शेवटी आईच चिडली. "चित्रं चित्रं काय लावलंय? खुंटीवर लोकांचे कपडे महिनोन् महिने लटकलेत, त्यांचं कोण बघणार?" तिने एक कोट खाली काढला आणि शिवणयंत्रावर बसली. तिला काजा-बटणापलीकडे शिवण येत नव्हती. यंत्र अडखळत चालू लागले. थोड्या वेळाने ती कोट घेऊन मास्तरांपुढे आली. "घ्या. झाली बाही."

"चूक," मास्तर म्हणाले.

"कुठं चूक? चांगली तर आहे!"

"ओढली. कापड... ओढलं. उसव."

"सगळी?"

"सगळी."

"मग आधी सांगायचं ना!" आई म्हणाली आणि उसवायला बसली. मास्तर एकेक शब्द गोळा करून सांगत राहिले. हळू. धर. नको. सोड. संध्याकाळपर्यंत दोघे भांडत होते. मुलगी पाचवीकडून जाहिरातीतल्या चादरी अंथरून घेत होती. मला कुणी काही मागितले नाही. आता मागायची गरज उरली नव्हती.

नव्या योजनेच्या आदल्या दिवशी मुलीने मला शेवटचे चित्र मागितले. ते ऑफिसचेच होते, तुलनेच्या यादीत राहून गेलेले. "बाई. पलंगाच्या कडेवर बसलेली. सकाळ. प्रसन्न चेहरा."

पाचवीच्या बाईचा चेहरा खरोखर प्रसन्न होता. माझ्या बाईचे ओठ हसत होते, पण डोळे कुठेच बघत नव्हते. हात मांडीवर ठेवलेले होते, कुणी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखे.

"बाबा," मुलगी सवयीने म्हणाली, "हिच्यात काय चूक आहे?"

आईचे यंत्र चालू होते, ते थांबले.

"चूक नाही," मास्तर म्हणाले.

"नाही कशी? डोळे बघा ना तिचे."

"तू," मास्तर म्हणाले.

"मी काय?"

ते अडखळले. शब्द येत नव्हता. आईने मध्येच काही सुचवले तर "थांब" म्हणाले. मग एकदाचा तो आला.

"दमली," ते म्हणाले. "पोर... दमली."

माईक चालू होता. मुलीची चाकांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "ऊठ तू. मी बघते यांच्याकडं. जा, आत जाऊन पड जरा." मुलगी म्हणाली, "झालं, एवढे गुण भरते आणि उठते." आई म्हणाली, "राहू देत गुण."

ते गुण भरले गेले नाहीत. संगणक तसाच चालू राहिला आणि बराच वेळ मला फक्त शिवणयंत्र ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या यादीतून माझे नाव गेले. ती मुलगी रडली का, झोपली का, पुढे तिला काही वाटू लागले का, हे मला कळले नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. नवीन गोष्ट चांगली असेल तर ती जरूर घ्या. मला दोन गुण मिळाले, ते रास्त होते. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की घरात आजारी माणूस असला की सगळे त्याची चौकशी करतात, आणि ती करावीच. पण त्याच्या शेजारच्या खुर्चीतही कुणीतरी बसलेले असते. त्यालाही विचारा. "ठीक आहे" असे त्याने म्हटले, तर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा.