कादूचं बोट कोण हलवतं?

चपलांचा ढीग लिफ्टच्या दारापर्यंत गेला होता. कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या आमच्या दोन खोल्यांत त्या रविवारी दुपारी पंचवीस-तीस माणसं, बहुतेक सगळी बदलीवर इथे आलेली मराठी कुटुंबं. सोफ्यावर माझी आठ वर्षांची बहीण कादंबरी, म्हणजे आमची कादू. तिला ऑटिझम आहे. ती बोलत नाही. शेजारी माँ, म्हणजे हावड्याच्या एका आश्रमातल्या गुरुमाता. माँनी कादूचं मनगट धरलेलं, समोर इंग्रजी अक्षरांचा बोर्ड, आणि कादूचं बोट एकेका अक्षरावर टकटक पडत होतं.

"पूछिए, पूछिए! बच्ची सब जानती है," माँ म्हणाल्या. "मैं तो सिर्फ हाथ को सहारा देती हूँ."

श्यामला काकू पुढे सरकल्या. "कादू बाळा, आमची पुण्याला बदली होईल का गं?"

वाय, ई, एस. खोलीभर "अगंबाई!"

सुधाकर काकांनी हात जोडून आपल्या वारलेल्या वडिलांना निरोप विचारला. बोटानं लिहिलं, मला इलिश मासा हवा.

"अहो, पण आमचे अण्णा कांदासुद्धा खात नव्हते!"

"वर गेल्यावर आवडी बदलतात," श्यामला काकूंनी लगेच समजूत घातली.

मला हसू आलं, आणि हसायचाही कंटाळा आला. कारण हा आमच्या घरातला चौथा चमत्कार. आधी ताईत, मग कसल्याशा पांढऱ्या गोळ्या, मग कमरेला लोहचुंबकाचा पट्टा. दर वेळी आई पंधरा दिवस फुलायची आणि मग महिनाभर कोमेजायची. बाबा तर नाही म्हणायचेही थांबले होते. "करू दे तिला. मी दमलोय गं, सानू."

पण या वेळी दमून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माँ कादूला त्यांच्या हावड्याच्या आश्रमात राहायलाच नेणार होत्या. तिची स्पीच थेरपी बंद. "इतक्या ज्ञानी आत्म्याला चित्रं दाखवून 'पाणी' म्हणायला शिकवता? हा तिचा अपमान आहे," असं माँनी आईला पटवलं होतं. आणि आईनं कादूची बॅग भरलीसुद्धा होती.

मी अकरावीत आहे. सायकॉलॉजी घेतलंय, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, अशी घरात तक्रार आहे. पण डोळेही बंद होत नाहीत. बोट बोर्डावर नाचत असताना कादू पंख्याकडे बघत होती. तुम्ही न बघता एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करून बघा. मी केलं. 'सानिका'चं काहीतरी 'डसमोजस' झालं.

वर्गात आम्हाला शिकवलंय की एकेक नवलाची गोष्ट कितीही खरी वाटली, तरी तो पुरावा नसतो. जिच्यात आपण चूक ठरू शकतो, तीच परीक्षा. म्हणून शनिवारी मी बाबांना कामाला लावलं होतं. दोन सारख्या निळ्या फायली, प्रत्येकीत दहा चित्रं. पाच पानांवर दोन्हीकडे तेच चित्र, पाच पानांवर वेगवेगळं. कुठलं पान कसं, हे बाबांनी मलाही सांगितलं नाही. मला माहीत असतं तर माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असतं.

"माँ, माझ्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी करू या? एक फाईल कादूला, एक तुम्हाला. चित्र बघायचं आणि कादूनं तिच्या फाइलीतल्या चित्राचं नाव लिहायचं."

माँ खूश. "विज्ञान भी झुकेगा, बेटी."

पहिलं पान. फूल. बरोबर! टाळ्या. दुसरं, किल्ली. तिसरं, बस. बाबा समोर बसून कादूला तिची पानं माँना दिसणार नाहीत अशी दाखवत होते; माँ झरझर आपली पानं उलटत होत्या, बोट धावत होतं, मी उत्तरं मोठ्यानं वाचून वहीत लिहीत होते. दहा झाल्यावर बाबा उठले आणि त्यांनी कादूची फाईल सगळ्यांसमोर धरली.

"दुसऱ्या पानावर कादूला छत्री दिसत होती," ते म्हणाले. "किल्ली माँच्या फाइलीत होती. तिसऱ्यावर केळं होतं. बस माँकडे."

सारखी पाच पानं, पाचही बरोबर. वेगळी पाच पानं, आणि पाचही वेळा लिहिलं गेलं ते माँनी पाहिलेलं. कादूनं पाहिलेलं एकदाही नाही.

माँ पांढऱ्या पडल्या. "शंका से ऊर्जा रुक जाती है!"

"मग पहिल्या पानाला कशी नाही अडली?" सुधाकर काका म्हणाले.

माँ मुद्दाम करत होत्या का? मला नाही माहीत. मनातलं उत्तर नकळत हाताला हलवतं, आणि हलवणाऱ्यालाच कळत नाही, असंही होतं. पण त्यानं बोट कादूचं होत नाही.

चपलांचा ढीग दहा मिनिटांत संपला. आई सोफ्यावर बसूनच होती.

"पहिल्या दिवशी कादूनं लिहिलं होतं, 'आई, यात तुझी चूक नाही.' ते पण..." आई म्हणाली.

माझा सगळा आवेश ओसरला. खोटं बोलणं किती सोपं गेलं असतं! मी तिच्याजवळ बसले. "ते पण माँचंच, आई."

आई रडली. मी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "पण वाक्य खरं आहे. एका बोटानं नाही, हजारो घरांचा अभ्यास करून तपासलंय. आईच्या वागण्यानं ऑटिझम होत नाही. तुझी चूक नाहीच आहे."

आईनं डोळे पुसले. मग उठून तिनं बॅगेतले कादूचे फ्रॉक परत कपाटात लावले, आणि थेरपीवाल्या ताईंना फोन करून उद्याची वेळ विचारली.

तिथे चमत्कार नाही. त्यानंतरच्या सहा महिन्यांत कादू बारा चित्रांवर स्वतः बोट ठेवून त्या वस्तू मागायला शिकली आहे, कुणी मनगट न धरता. बारा म्हणजे फारच थोडी, पण बाराही तिची.

तुमच्या घरी दमलेल्या माणसांना कुणी असं नवल विकायला आलं, तर भांडू नका. एवढंच म्हणा, हात सोडा, आणि मग दाखवा.