दुसरं पान कोण वाचतं?

दरवर्षी वार्षिक अहवालाचे दिवस आले की त्या कॉलेजच्या कचेरीतल्या बाईंची मान दुखायला लागायची. बावीस वर्षं हे एकच काम त्यांच्या गळ्यात पडलेलं, म्हणून सगळे त्यांना ‘अहवालबाई’च म्हणत. प्रत्येक शिक्षकाने वर्षभरात काय अभ्यासलं, काय लिहिलं, काय घडवलं, त्याचे फॉर्म गोळा करायचे, त्यातून अहवाल तयार करायचा, तो बांधून घ्यायचा आणि ग्रंथालयातल्या कपाटात ठेवून द्यायचा. पुढे त्याचं काय होतं, ते कपाटातल्या झुरळांना विचारावं.

घरी सासूबाई न चुकता विचारायच्या, "झाला का गं तुझा अहवाल?"

"झाला, आई."

"कोण वाचतं तो?"

"कोणी नाही."

"मग कशाला एवढा जिवाचा आटापिटा?"

सासूबाई टोमणा मारत नसत, त्यांना खरंच कळत नसे. म्हणूनच ते जास्त लागायचं. सुरुवातीची काही वर्षं बाई समजावून सांगायच्या. अलीकडे त्या नुसती भाजी निवडत राहायच्या, कारण उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

यंदा त्यात भर पडली. नव्या प्राचार्यांनी फॉर्मच्या पहिल्या पानावर एक रकाना वाढवला: ‘या कामाचा उपयोग’. एका ओळीत लिहायचं. ज्यांचं उत्तर पटणार नाही, त्यांची नावं ‘इतर’ या यादीत टाकायची आणि त्या मंडळींच्या खोल्या शुक्रवारी रिकाम्या करून घ्यायच्या. प्राचार्य काही दुष्ट नव्हते. जागा खरोखरच अपुरी होती, दोन वर्ग तर व्हरांड्यात भरत होते.

"यादी तुम्हीच करा," ते बाईंना म्हणाले. "बावीस वर्षं हे फॉर्म तुमच्या हाताखालून जातायत. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

बाईंना हसू आलं, पण हसण्याइतकीही ताकद उरली नव्हती. फॉर्म त्यांच्या हाताखालून गेले होते हे खरं, पण डोक्यात एकही शिरला नव्हता. त्या उतरवून घेत, वाचत नसत.

सोमवारी त्या गठ्ठा घेऊन बसल्या. फॉर्म दोन पानांचा असे. पहिल्या पानावर नाव आणि काम. दुसऱ्या पानावर फक्त एक जुना प्रश्न, ‘यंदा कुठे अडलं?’ दुसरं पान अहवालात छापत नसत. कुणीतरी केव्हातरी तो प्रश्न घातला होता, कुणी काढला नाही, म्हणून तो राहिला होता. लोक बिचारे इमानाने भरायचे आणि बाई ती पानं सोडवून कचेरीमागच्या खोलीत रचून ठेवायच्या. यंदाही टाचण्या काढून त्यांनी पहिली पानं एकीकडे ठेवली, दुसरी दुसरीकडे.

पहिली पानं वाचता वाचता त्यांचं डोकं गरगरायला लागलं. एका छपराखाली किती तऱ्हेचे वेडे! एक जण मधमाश्यांना मोजता येतं का ते बघत होता. एक बाई काचेवरचा निळा रंग तडकू नये म्हणून तीन वर्षं भट्टीपाशी बसून होत्या. कुणी पूल का थरथरतो ते ऐकत होतं, कुणी कुठल्याशा बंद पडलेल्या लिपीतली पत्रं लावत होतं, आणि नाट्यविभागातले एक गृहस्थ लाकडी बाहुलीचा गुडघा बनवत होते. नुसता गुडघा! उपयोगाच्या रकान्यात सहा जणांनी ‘मानवजातीचं कल्याण’ असं ठोकून दिलं होतं. त्या सहांना बाईंनी बिनबोभाट उपयोगी ठरवलं. ज्यांनी खरं बोलायचा आगाऊपणा केला होता, त्यांचीच पंचाईत झाली.

तशी चौदा नावं निघाली. त्यातलं एक शेवाळसरांचं होतं. हे सर एकोणीस वर्षं कॉलेजच्या मागच्या भिंतीवरच्या शेवाळाचा अभ्यास करत होते. तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत, जिथे ऊन कधी येत नाही, त्यांच्या ट्रेमध्ये ओल्या दगडांवर शेवाळ वाढत असे. उपयोगाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘अजून माहीत नाही.’

"अहो, काहीतरी ठोकून द्यायचं ना!" बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि नाव ‘इतर’मध्ये टाकलं.

मंगळवारी शेवाळसर टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाईंनी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. पण सर भांडले नाहीत.

"बाई, शुक्रवारी म्हणजे सकाळी की दुपारी?"

"सकाळीच. का हो?"

"तसं काही नाही. ते हलवलं की जगत नाही, महिनाभरात वाळून जातं. मग गुरुवारी पाणी घालू की नको, एवढंच विचारायचं होतं."

"घाला की," त्या म्हणाल्या. सर मान हलवून गेले आणि बाईंच्या डोक्यात ते गुरुवारचं पाणी दिवसभर घोळत राहिलं.

त्याच अवस्थेत त्यांनी दुपारी फॉर्म पुन्हा टाचले आणि तिथेच घोटाळा झाला. पहिली पानं त्यांनी आता उपयोगी आणि इतर अशी लावली होती, दुसरी मात्र जुन्याच क्रमाने पडून होती. नाव पहिल्या पानावर असतंच म्हणून दुसऱ्या पानावर नाव नसे. बाई एक इथलं, एक तिथलं उचलून टाचणी मारत गेल्या. बुधवारी सकाळी सगळे फॉर्म सह्यांसाठी परत गेले तेव्हा कॉलेजातल्या जवळपास प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचीच अडचण पडली होती.

अकरा वाजता पहिली तक्रार आली. बारापर्यंत बाई कानकोंड्या होऊन गेल्या. बावीस वर्षांत पहिली चूक, आणि तीसुद्धा साठ जणांच्या देखत! पण एकेक जण येऊन जे बोलू लागला, ते ऐकून त्या चक्रावल्या. परिचारिका विभागातल्या ताई हातात पान नाचवत आल्या. "हे बाहुलीच्या गुडघ्याचं कुणाचं आहे? त्यांना म्हणावं, गुडघा नुसता दुमडत नाही, जरासा फिरतोसुद्धा. मी दाखवते येऊन!" पत्रांची लिपी लावणारे गृहस्थ मधमाश्यांचं पान परत द्यायलाच तयार नव्हते.

मग इतिहासाच्या बाई आल्या. त्या धापा टाकत होत्या.

"शेवाळसरांचं पान माझ्याकडे आलंय," त्या म्हणाल्या. "आणि माझं कुणाकडे गेलंय ते मला माहीत नाही, पण आधी हे ऐका. ते लिहितात, भिंत एक, दगड एक, सावली तीच, तरी मधल्या आठ फुटांत शेवाळ धरत नाही. एकोणीस वर्षं कारण सापडलेलं नाही. खाली त्यांनी त्या मोकळ्या भागाचं चित्र काढलंय. बघा ना! वर गोल, दोन्ही बाजू सरळ."

बाईंनी पाहिलं. लहान मुलानेही सांगितलं असतं. ते दार होतं.

ही इमारत कॉलेज व्हायच्या आधी साबणाचा कारखाना होती. तिथल्या कामगार बायकांना ये-जा करायला मागच्या बाजूला वेगळं दार होतं, ते मालकाने एका रात्रीत बुजवलं आणि बायकांनी काम थांबवलं, असं दोन जुन्या पत्रांत आलं होतं. पण दार नेमकं कुठे होतं, याचा काही पुरावा नव्हता. लोक म्हणत, दंतकथा असेल. इतिहासाच्या बाई पाच वर्षं त्या दारापाशी अडल्या होत्या.

दोघींनी शेवाळसरांना बोलावलं आणि तिघं मागच्या भिंतीशी गेली. शेवाळसरांनी खिशातल्या चाकूने वरचा मळ खरवडून दोन ठिकाणचे सांधे उकरले. जिथे शेवाळ होतं तिथे जुना चुना. जिथे नव्हतं तिथे सिमेंट.

"दगड तेच वापरले," सर हळूच म्हणाले. "म्हणून मी दगडांकडेच बघत बसलो. सांध्याकडे बघायचं सुचलंच नाही. या शेवाळाला चुना लागतो, बाई. त्याला माहीत होतं!"

इतिहासाच्या बाईंनी भिंतीवर तळहात टेकवला आणि त्या चक्क रडायला लागल्या.

गुरुवारी अहवालबाई बांधणीच्या खोलीत गेल्या तेव्हा खूप दिवसांनी त्यांच्या चालीत जीव होता. अहवाल बांधणारे काका तिथे दोऱ्याला मेण लावत बसले होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. "वाचले हो शेवाळसर! उपयोग सापडला. आता नाव काढते ‘इतर’मधून."

काकांनी दोरा खाली ठेवला. "आणि बाकीचे तेरा?"

"त्यांचं काय? त्यांचा काही उपयोग..."

"अजून सापडला नाही, म्हणा." काका हसले. "परवा या शेवाळसरांचाही सापडला नव्हता. मंगळवारी पानं चुकली नसती, तर उद्या त्यांचे ट्रे बाहेर गेले असते. चूक झाली म्हणून माणूस वाचला! बाकीच्या तेरांसाठी तुम्ही आणखी चुका करणार आहात का?"

"पण जागा नाही, काका. कुठेतरी कात्री लावावीच लागते."

"मग माझं नाव कुठल्या यादीत घालाल? कोणी वाचत नाही ती पुस्तकं मी बांधतो. आणि तुमचं?"

सासूबाईंचा प्रश्नच समोर आला होता, फक्त आवाज वेगळा.

"मी सांगतो, कोण वाचतं ते," काका म्हणाले. "मी वाचतो. शिवताना पान उलटावंच लागतं, उलटलं की नजर जाते. बावीस वर्षं बघतोय. काय केलं ते जो तो ऐटीत लिहितो. पण तेवढ्याने शेजारचा माणूस जवळ येत नाही हो. तो म्हणतो, असेल बुवा, तुझं तू बघ. माणूस कुठे अडलाय ते कळलं, की दुसरा आपणहून हात पुढे करतो. उपयोग काय, हे अवश्य विचारावं. पण उत्तर यायच्या आत हाकलू नये! आणि तुमचं ते दुसरं पान, ज्यावर माणसं खरं बोलतात, ते तुम्ही छापतच नाही."

बाई उठल्या. कचेरीत येऊन त्यांनी चौदा नावांची यादी काढली, एकदा नीट वाचली, बावीस वर्षांत काहीच वाचलं नव्हतं इतकी मन लावून वाचली, आणि फाडून टाकली.

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांनी हात पुढे केला. "यादी?"

"केली होती, सर. फाडली."

"म्हणजे? माणसं बोलावलीत मी सामान हलवायला!"

"त्यांना माझ्याकडे पाठवा. कचेरीमागची खोली रिकामी करायचीय. बावीस वर्षांची दुसरी पानं आहेत तिथे. ती ग्रंथालयात न्यायची, लोकांना वाचायला ठेवायची. खोलीत तुमचा एक वर्ग बसेल." बाईंनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला. "आणि तुमचाही फॉर्म आलाय, सर. उपयोगाचा रकाना कोरा आहे."

प्राचार्य मूळचे गणिताचे. ते ओशाळले. "घाईत राहिला असेल."

"मीही चौदा नावं घाईतच काढली होती."

बाईंनी तो फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. दुसऱ्या पानावर प्राचार्यांच्याच अक्षरात होतं: ‘आठ वर्षं एकाच गणितात अडलो आहे. हल्ली वेळ मिळत नाही.’ हे पान चुकून गाण्याच्या बाईंकडे गेलं होतं. त्यांनी खाली लिहिलं होतं: ‘मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण चहाला या आणि समजावून सांगा. बोलताना कधी कधी सुटतं.’

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो," ते म्हणाले. मग त्यांनी पहिलं पान उलटवून कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "एक वर्ग व्हरांड्यातच राहील मग. त्याचं पुढे बघू. तो रकाना काढून टाका."

वाचकहो, एवढ्याने जग बदललं नाही. एक वर्ग अजूनही व्हरांड्यात भरतो आणि बाईंची मान अजूनही दुखते. पण आपणही घरात, कचेरीत रोज हेच करत असतो. दुसऱ्याच्या कामावर नजर टाकतो, ते आपल्यासारखं दिसलं नाही की ‘इतर’मध्ये ढकलतो आणि दमलो म्हणून स्वतःला माफ करतो. ज्ञानाच्या वाटा शंभर असोत, त्या एकमेकींच्या ओळखीच्या नसोत, पण भिंत एकच असते. आपल्याला न दिसलेलं दार दुसऱ्याच्या शेवाळात असू शकतं. म्हणून ‘तुझा उपयोग काय?’ असं विचारण्याआधी एकदा तरी विचारावं, ‘तुझं कुठे अडलंय?’

त्या दिवशी घरी सासूबाईंनी विचारलंच. "झाला का गं अहवाल? कोण वाचतं तो?"

"मी वाचते, आई," बाई म्हणाल्या आणि त्यांना भिंतीची, शेवाळाची, बुजवलेल्या दाराची सगळी हकिकत सांगितली.

सासूबाईंची भाजी हातातच राहिली. "मग त्या बायकांचं पुढे काय झालं?"

"ते अजून अडलंय."

"मग उद्या विचारून ये," सासूबाई म्हणाल्या. "मला सांग."