हिरवी तार कोणत्या पाठात?

कारंजा लाडचे माणिकचंद सर निवृत्तीनंतर मोबाइलवर वायरिंग शिकवायला लागले होते. ढीगभर पाठ रेकॉर्ड झाले. ते ॲपवर चढवायचं काम शेजारची नीलम करायची. कोणत्या पाठात कुठं काय आहे, याच्या खुणा टाकू का, असं ती अधूनमधून विचारायची. सर म्हणायचे, "कायले? पोट्टे मंग अर्धंच पाह्यतीन."

एका सकाळी सर अनवाणीच तिच्या दारात आले.

"नीलम, घात झाला. एका पाठात मी हिरवी तार फेजले जोडा म्हणलो."

हिरवी तार अर्थिंगची. ती फेजला जोडली, तर कुलरच्या पत्र्यातच करंट यायचा.

"कोणत्या पाठात?"

"तेच तं आठवून नाही राह्यलं. शिरपूरच्या लग्नाची गोष्ट सांगून झाल्यावर म्हणलो, एवढं ध्यानात आहे."

नीलमनं सगळ्या पाठांतलं बोलणं कॉम्प्युटरकडून लिहून घेतलं आणि त्यात 'लग्न' शोधलं. लग्न जवळपास प्रत्येक पाठात निघालं. 'शिरपूर' टाकल्यावर जरा आटोक्यात आलं. मग दोघं एकेक जागा ऐकत बसले. वरात, आचारी, रुसलेले व्याही. थोड्या वेळानं सरच म्हणाले, "पुढं घे नं."

शेवटी सापडलं. पडद्यावरचे सर अगदी ठासून चुकीचं सांगत होते. नीलमनं तो पाठ ताबडतोब काढला आणि कोणी कुठपर्यंत पाहिला, ते तपासलं.

"सर, कोणालेच धोका नाही."

"काहून?"

"तिथवर कोणी पोचलंच नाही. सारे वरातीतूनच परतले."

सरांनी हुश्श केलं. मग त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते खुर्चीच्या हातावरचं प्लास्टिक सोलत राहिले.

"टाक खुणा," ते म्हणाले. "लग्नालेही टाक. ज्याले पाह्यचं, तो पाह्यीन."

दोघांनी बसून सगळ्या पाठांना खुणा केल्या. हिरव्या तारेचा भाग सरांनी नव्यानं रेकॉर्ड केला, एकही गोष्ट न सांगता. त्यांना ते जड गेलं.

मग ॲपवर पाठ पाहून शिकणाऱ्या कामरगावच्या अंजूचा फोन आला. "सर, खुणेवरून पंख्याच्या कंडेन्सरचा भाग लगेच सापडला. पंखा फिरून राह्यला!"

सरांनी फोन ठेवला. "पाठ पुरा नाही पाह्यला तिनं."

"पंखा तं फिरला नं, सर."

"फिरला," सर म्हणाले, आणि आणखी बारीक खुणांसाठी मोटारीचा पाठ उघडायला सांगून खुर्ची पुढं ओढून बसले.