आत्याचे केस

केस गळू लागल्यापासून आत्या माणसांच्या चेहऱ्याकडे न बघता डोक्याकडे बघायची. ती ब्यूटी पार्लरच्या काउंटरवर बसे. भांगातून तिची टाळू डोकावू लागली, तेव्हा मालकीणबाईंनी अत्यंत मायेनं सुचवलं, की फरक पडेपर्यंत मागच्या खोलीत टॉवेल धुवायला बसलीस तर बरं. असं डोकं दारातच दिसलं, तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच मागे फिरायचं.

पार्लरमध्ये केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या विकायला होत्या. आत्याला त्या परवडत नव्हत्या. एका सकाळी तेच नाव तिला घरात, भाचीच्या औषधाच्या बाटलीवर दिसलं.

भाची म्हणजे चिमी, वय वर्षं पाच. जन्मतःच टाच टोचून रक्त तपासलं तेव्हा कळलं होतं, की अन्नातलं हे जीवनसत्त्व तिच्या शरीराला वापरताच येत नाही. लाखात एखाद्याला होणारा, आईबापांकडून आलेला आजार. उपाय मात्र सोपा: रोज एक गोळी, जन्मभर. वहिनी पहाटेच बेकरीत कामाला जायची, म्हणून गोळी कुटून दुधातून देणं आत्याकडे होतं. वहिनीनं बजावलंही होतं, "ताई, ही चुकली तर हिचे कान जातील. आणि गेलेले कान परत येत नाहीत म्हणे."

आत्यानं चिमीला नीट न्याहाळलं. पोरगी ठणठणीत. गोळीमुळेच ठणठणीत आहे, हा विचार आत्याला शिवला नाही. औषध कसं, कडू असावं, नाव घेताना जीभ अडखळावी. हे तर नुसतं व्हिटॅमिन. शिवाय पोरीच्या डोक्यावर केसांचं रान माजलेलं. तिला काय करायचंय? आत्यानं आधी एक दिवसाआड वाटणी केली. मग फरक लवकर पडावा म्हणून रोजची गोळी स्वतः घेऊ लागली आणि दुधात साखर चमचाभर जास्त घातली. चिमीला दूध आवडू लागलं.

आत्याला खरंच बारीक लव फुटली. मालकीणबाई खूश झाल्या. इकडे चिमीच्या उशीवर केस दिसू लागले, गालांवर चट्टे उठले. हाक मारली तरी पोर वळेना. लाडावलीय, असं आत्याचं निदान पडलं. चिमीला झटका आला तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी चुकली होती का. वहिनीनं आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "एक दिवस नाही." मग डोस वाढवला गेला. आता आत्याही इमानदारीनं देऊ लागली. चट्टे गेले, झटके थांबले, केसही आले. कान तेवढे आले नाहीत.

चिमीला ओठ वाचायला शिकवणाऱ्या बाईंकडे घातलं. एके दिवशी आरशासमोर तिची वेणी घालताना आत्याला भरून आलं. मन मोकळं करायला इतकं सुरक्षित माणूस तिला आजवर मिळालं नव्हतं. "तुझ्या गोळ्या मी खाल्ल्या गं," ती म्हणाली.

चिमी आरशात बघत होती. अर्धी वेणी तशीच घेऊन ती स्वयंपाकघरात धावली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "आई, आत्यानं माझ्या गोळ्या खाल्ल्या."

वहिनीला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही. "ताई, बघा ना, काहीच्या काही वाचते अजून."

"जमेल हळूहळू," आत्या म्हणाली, आणि चिमीला ओढून तिनं उरलेली वेणी जरा घट्टच घातली. यापुढे ती चिमीची वेणी आरशाकडे पाठ करून घालणार होती.